मेणबत्तीसाठी तुरुंगात

१ डिसेंबर
अखेर सुरू झालं! ख्रिस्ती माणसाचा छळ, थेट आमच्या वुंडारा गावात. कौन्सिलची नोटीस: नाताळच्या गायनाला खऱ्या मेणबत्त्या नकोत, बॅटरीच्या आणा. वणव्याचा धोका म्हणे. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, पाऊस नाही, गवत वाळलंय, सगळं मान्य. पण सबब ती सबबच. चर्चचा कारभारी या नात्याने मी, मर्विन ट्रेगोवन, खरी मेणबत्ती पेटवणार आणि तुरुंगात जाणार. फार बरं वाटतंय.

२ डिसेंबर
नोटीस चर्चच्या फाटकावर कोणी चिकटवली ते कळलं. ग्लेनिसने. माझ्या बायकोने! ती गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे. सरकारचे हात कुठवर पोचलेत बघा. निषेध म्हणून जेवताना मौन पाळलं. ती म्हणाली, आज घरात किती छान वाटतंय.

५ डिसेंबर
पाद्रीबाईंना सांगितलं, प्रवचनात छळाचा विषय घ्या. त्या म्हणाल्या, अरे मर्विन, नाताळची सुट्टी अख्ख्या देशाला, संसद रोज प्रार्थनेने सुरू होते, छळ नक्की कुठे दुखतोय तुला? फितूर.

९ डिसेंबर, दुपार
बेहरूझला चहाला बोलावलं. इराणचा आहे, चर्चमध्ये आमच्याच बाकावर बसतो. तिकडे स्वयंपाकघरात चौघांत बायबल वाचलं म्हणून अकरा महिने कैदेत होता. विचारलं, तुरुंगात उशी देतात का? नाही म्हणाला. मग मीही माझी हकिकत सांगितली, बॅटरीपासून सविस्तर. पाऊण तास. तो एक शब्द बोलला नाही. फार हेलावला असावा.

१४ डिसेंबर
बॅग भरली. बायबल, सांधेदुखीच्या गोळ्या, पावाला लावायच्या व्हेजिमाइटची बरणी. शरीर कणखर करायला व्यायाम, सोमवारपासून. ग्लेनिसने विचारलं, पायजम्याला इस्त्री करू का? हुतात्म्याला इस्त्री! (करून घेतली.)

१८ डिसेंबर
पेपरच्या बातमीदार बाईंना फोन. म्हटलं, वीस तारखेला मला अटक आहे, फोटोग्राफर पाठवा. कोण करणार अटक, असं त्यांनी विचारलं. ते पोलिसांचं पोलिसांनी ठरवायचं, मी काय काय करू?

२० डिसेंबर, रात्री ९
एक्केचाळीस डिग्री. क्रिकेटच्या मैदानावर सगळं गाव, हातात बॅटरीच्या मेणबत्त्या. तिसऱ्या गाण्याला उठलो, पेटवली! कोणी बघेना. हात उंच केला. तेवढ्यात वारा आला, पेटती वात तुटली आणि गवतात पडली. बेहरूझ तीन रांगा ओलांडून आला आणि बुटाने विझवली. मेणबत्ती हिसकावून खिशात घातली. म्हणाला, मर्विनभाऊ, पोरं बसलीत इथे.
ग्लेनिस गणवेशात धावत आली, सोबत कॉन्स्टेबल. मी दोन्ही मनगटं पुढे केली. कोणी पेटवलं, कॉन्स्टेबलने विचारलं. बेहरूझ पटकन म्हणाला, मी. घामाने निथळत होता. ग्लेनिसने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती कॉन्स्टेबलला म्हणाली, बेहरूझला ओळखते मी, आगकाडीसुद्धा बाळगत नाही हा.
कॉन्स्टेबलने दोघांनाही दटावलं आणि तो परत गाणी ऐकायला गेला.

२१ डिसेंबर
सकाळीच बेहरूझकडे गेलो. जरा रागातच. म्हटलं, माझी अटक होती ती, तू मध्ये का पडलास? तो म्हणाला, गणवेश दिसला, मर्विनभाऊ, तुम्ही हात पुढे केलेत, मला दुसरं काही सुचलंच नाही.
घाबरला होतास?
फार, म्हणाला. तुम्ही?
मी विचार केला. प्रामाणिकपणे. तीन आठवड्यांत एकदाही नाही.