खोडलेले दोन शब्द

मुंबई, १२ जानेवारी २००४

ती. चतुराआक्कास, लक्ष्मणचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र एकटीनं वाच. आमदारसाहेबांच्या कचेरीत तुझा भाऊ टायपिंग करतो म्हणून तू गावभर मिरवतेस. त्याच्याच हातून काल वाईट काम झालं.

नदीतून पाणी उपसायला मर्यादा घालणारा कायदा येतोय. शिवनेसारख्या वरच्या नद्यांतला उपसा आवरला तरच शहराच्या धरणात पाणी उतरेल, असं शहरवाल्यांचं म्हणणं. मसुद्यात ‘शहराच्या व गावाच्या पिण्याच्या पाण्याला’ सूट होती. साहेब ज्या समितीत आहेत, तिथं घासाघीस झाली. साहेबांच्या भागाला नवी जलवाहिनी कबूल झाली, बदल्यात ‘व गावाच्या’ हे शब्द गेले. मीच खोडले. आता गावाला पाणी देणाऱ्या नदीतल्या विहिरीवरची मोटर दिवसाला एकच तास चालेल. तू सरपंच, तुला कळायला हवं. पत्र फाडून टाक.

तुझा हात डोक्यावर असू दे.
लक्ष्मण

देवगाव रंगारी, १९ जानेवारी

चि. लक्ष्मणास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. एका तासात एवढी घरं कशी भागवू? गेल्या उन्हाळ्यात मोटर जळाली, तवा भामाबाई पाण्यासाठी नदीतल्या झिऱ्यात उतरताना पडली. अजून कुबडी सुटली नाय. कायद्याची कुणकुण गावात हाय. मोटर चालवणारा कडुबा म्हणतो, मोटरीला हात लावणाऱ्याला नदीतच पुरू. मी समजावलं, तर म्हणाला, सरपंचबाई, तुम्ही बी विकल्या गेल्या काय? लई भ्या वाटतंय रे.

४ फेब्रुवारीला समिती लोकांचं ऐकायला औरंगाबादेत येतीया. मी जाईन म्हणते. तुझं नाव घेणार नाय. पर खोटं बोलले की माझं तोंड लगेच उतरतं. नगं म्हणलास तर गप बसंन.

दमयंतीला, लेकरांना आशीर्वाद. माया पातळ करू नगं.
तुझी आक्का

मुंबई, २७ जानेवारी

ती. आक्कास सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी, खोडलेले शब्द बाहेर फुटू नयेत म्हणून, साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, की कचेरीत शिवनेकाठचं कोण आहे? मी फायलीत डोकं घालून बसलो. घरी दमयंती पोरांकडं बघत राहते. ‘जाऊ नकोस’ असं लिहिलेले दोन कागद फाडले.

जा, आक्का.
लक्ष्मण

देवगाव रंगारी, ६ फेब्रुवारी

चि. लक्ष्मणास आशीर्वाद.

बोलले. ‘व गावाच्या’ हे शब्द का खोडले, ते विचारलं. अध्यक्षांनी तीनदा विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हणलं, आधी शब्द परत घाला. सारे हसले. तुझे साहेब नाय हसले. त्यांची नजर माझ्या कपाळावरून हलंना. तुझं-माझं कपाळ एकच, आईचं. मी पदर पुढं ओढला, पर उशीर झाला व्हता. तवापासून जिवाला घोर लागलाय. दोन ओळी तरी धाड.

आक्का

मुंबई, २० फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

पेपरांत तुझं बोलणं छापून आलं, म्हणून समितीला माघार घ्यावी लागली. गावांची सूट परत आली, पण दोनच वर्षांसाठी. पुढं काय, कुणी सांगत नाही.

साहेब ओरडले नाहीत. कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेव, एवढंच म्हणाले. परवा आम्ही चौघं गावी येतोय. किती दिवसांसाठी, ते विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही. पोरं विचारतात, तिथं पाणी येतं ना?

येतं म्हणून सांगितलंय.

तुझा,
लक्ष्मण