डोलकाठीशी बोलणारी सून

मामंजी, मी कोण ते आठवतंय का, की तिकडं गेल्यावर तेही विसरलात? तुमचा भरवसा नाही. बैलगाडी घेऊन अकोले गावच्या बाजाराला गेलेला आणि एसटीने घरी आलेला माणूस पंचक्रोशीत एकच, आणि तो आमच्या वाट्याला. बैल तिकडे पिंपळाखाली रवंथ करत उभे, आणि तुम्ही इकडे ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. मी तुमची थोरली सून. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलतेय आणि माझी नात लिहून घेतेय. मधेमधे ती हसते, तिकडे लक्ष देऊ नका.

होडीचं बोलायचंय. भंडारदऱ्याच्या पाण्यावर मुंबईचा एक साहेब शिडाची होडी ठेवायचा. तुम्ही तिची राखण करायचात, त्याच्याबरोबर पाण्यात जायचात, शीड कसं बांधायचं, सुकाणू कसं धरायचं ते सगळं शिकलात, आणि साहेब कायमचा परदेशी निघाला तेव्हा ही आता तुमचीच म्हणून तुमच्या हवाली करून गेला. गावात धड सायकल नव्हती कुणाकडे, आणि आपल्या मालकीची शिडाची होडी. लांबीला दोन बैलगाड्या, अंगाने सडपातळ, पोटात दोन माणसं आडवी होतील एवढी कोठडी, आणि वारा मिळाला की अशी कुशीवर पडून पळायची की काठावरून बघणाऱ्याने डोळेच मिटून घ्यावेत. तुम्ही तिला म्हशीपेक्षा जास्त धुवायचात. सासूबाई म्हणायच्या, "तिलाच घाला म्हनावं पेंड, दूध दील सांजच्याला."

ते दुष्काळाचं साल. तुमचा मुलगा लांब खडी फोडायच्या कामावर. माझी थोरली तेव्हा अंगावर पीत होती आणि माझ्या आईला तिचं तोंड बघायचं होतं. माहेर पाण्याच्या पार त्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी. तुम्ही म्हणालात, मी सोडतो होडीनं. आता आपल्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. लेकराच्या आडून बोलायचं. "आजोबांना सांग गं, पाणी तापलंय." अंगावरच्या पोरीला काय कळायचं, पण निरोप पोचायचा, आणि तुम्हीही तिलाच म्हणायचात, "आईला म्हनावं, आलो." होडीत मात्र पोर कोठडीत गोधडीवर झोपलेली. निरोप न्यायला मधे कुणीच नाही. मी पदर दातात धरला, पुढच्या शिडाचा दोर हातात घेतला आणि गप बसले.

वारा समोरून होता. समोरून वारा असला की होडी नाकासमोर जात नाही, नागमोडी न्यावी लागते. तुम्ही मागे सुकाणूवर. "फिरतोय" म्हणालात की मी एक दोर सोडायचा, दुसरा ओढायचा आणि आडव्या काठीखालून डोकं वाचवत पलीकडे जाऊन बसायचं. दोन-तीनदा जमलं. मग होडी तिरकी होते, पाणी माझ्या पायाच्या बोटांना लागतं, आणि मला समोर ते दिसतं. पाणी आटलेलं होतं त्या वर्षी. धरणात बुडालेल्या जुन्या शेतातलं एक वाळकं झाड हातभर काळ्या फांद्या वर काढून उभं, आणि आपण थेट त्याच्यावर निघालेलो. म्हटलं, दिसत असेलच तुम्हाला, जाणता माणूस. तरी राहवेना. मी शिडाच्या डोलकाठीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "डोलकाठे, सांग मामंजींना, म्होरं झाड हाय." तुम्ही हसलात. "हाय की. लांब हाय, म्हनावं, ते तिकडं." आणि बोट दाखवलंत. मी तुमच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. तिकडे नुसतं पाणी होतं.

तुम्ही बाजारातून बैल का आणले नव्हते, ते मला तिथं, पाण्याच्या मधोमध कळलं. कपबशी चाचपून उचलायचात, माझी पोर मांडीवर दिली की तिच्या तोंडावरून बोटं फिरवायचात, आणि आम्ही म्हणायचो, म्हातारा मायाळू आहे. तेवढ्यात वाऱ्याचा लोट आला. होडी आणखी कलली, कोठडीत पोर गोधडीसकट खालच्या अंगाला घरंगळली आणि किंचाळायला लागली. मी अजून डोलकाठीलाच सांगतेय, सांग की गं, सांग की, आणि ती काय सांगणार, तीच आडवी व्हायला आलेली. मग दातातला पदर सुटला. "मामंजी, डावीकडं! तुमच्या डाव्या हाताला वळवा, आत्ता."

वळवलंत. तळाखाली काहीतरी खरवडलं, खूप लांबपर्यंत, दगडावर विळा घासावा तसं. मग शीड फडफडायला लागलं आणि होडी सरळ होऊन जागच्या जागी डुलत राहिली. मी कोठडीतून पोर ओढून छातीशी धरली.

"दिसत न्हाई का तुमाला?" मी विचारलं.

"सावल्या दिसत्यात."

"मग सुकानू कशाला धरलं?"

"वारा गालाला कळतो की, पोरी."

"आन् झाड? ते कपाळाला कळलं आसतं व्हय?"

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "घरी सांगू नगस. होडी काढून घेत्याल. मंग मला आंधळ्यावानी ओट्यावर बसवत्याल."

पोर पाठीशी बांधली आणि माहेरचा काठ लागेपर्यंत जे जे दिसलं ते मोठ्याने सांगत गेले. घरी काही बोलले नाही. तुमच्यापाशी मात्र लकडा लावला, दवाखान्यात चला, मोतीबिंदू काढतात. तुमचं एकच. "डोळ्यात सुरी घालून घिऊ व्हय?" नाहीच गेलात. पुढे होडी पाण्यात घालायची झाली की मी पुढे बसायची, तुम्ही होतात तोवर. दर वेळी भ्याले. भीतीपेक्षा राग मोठा होता. सुरीला भिणारा माणूस लेकरू घेऊन पाण्यात उतरतो, याचा राग. तुमच्या दहाव्यालाही तो माझ्या मनातून गेला नव्हता.

परवा तुमच्या पणतूला कडेवर घेऊन गच्चीवरून उतरत होते. पायऱ्या पायानेच चाचपत होते. बरेच दिवस असंच चाललंय, मामंजी. कुणाला बोलले नाही. एक पायरी चुकली. भिंत हाताला लागली म्हणून वाचलो. पोराला वाटलं खेळ आहे, ते खिदळलं. मी त्याला खाली ठेवलं आणि तिथंच बसून राहिले. सुरीची भीती मलाही वाटते हो.

पेन थांबलंय. नात बघतेय माझ्याकडे. लिही गं, रडायचं नंतर. हा कागद कुठं धाडायचा नाही, घडी घालून माझ्या उशाखाली ठेव. तुझ्या बापाला म्हणावं, दवाखान्याचं बघ. आणि तिथं मला मऊ भात पाठवू नका, गिळवत नाही. नागलीची भाकरी पाठवा, हुलग्याचं पिठलं पाठवा, आणि ठेचा वेगळ्या फडक्यात बांधा, डॉक्टरच्या नजरेला पडणार नाही असा.