एप्रनच्या खिशात मावेल असं

सोरेल क्रीक, केंटकी
४ ऑक्टोबर

ती. आर्लिसदादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे, बिघडलेत ते तुझे कान. जन्मभर बंदुका दुरुस्त केल्यास, मागच्या अंगणात उडवून पाहिल्यास, पण कानात बोळे घालायचे म्हटलं की तुला कमीपणा वाटायचा. आता तुला प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागते, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

मला एक रिव्हॉल्व्हर हवंय. कपाटात ठेवायला नको, अंगावर बाळगायला हवंय, आणि बाहेरून कुणाला कळता कामा नये. शाळेचं स्वयंपाकघर सुटलं तरी माझा एप्रन काही सुटला नाही, हे तू जाणतोसच. त्याच्या खिशात मावेल असं बघ. मी गावातल्या दुकानात जाऊन आले. तिथल्या दाढीवाल्याने गुलाबी मुठीचं पिस्तूल पुढे केलं आणि म्हणाला, बायका हल्ली हेच नेतात. त्याची वरची पट्टी मागे ओढायला गेले तर माझ्या आखडलेल्या बोटांनी ती हलेना. तो म्हणाला, आजी, जरा जोर लावा. मी म्हटलं, जोर असता तर तुझ्या दारात कशाला आले असते बाबा?

बाकी इथे नेहमीचंच. सफरचंदं वाळवून झाली. गुडघे बोलतात, मी ऐकते. आमचा लोनी थँक्सगिव्हिंगच्या आधी तुरुंगातून सुटतोय. राहायचा पत्ता द्यावा लागतो, तो त्याने माझाच दिलाय. दुसरा कुणाचा देणार? हॅरल्ड असता तर बापाने चार शब्द सुनावले असते. आता मीच आहे.

तब्येतीला जप. उत्तर लवकर पाठव आणि बहिणीवर माया असू दे.

तुझी,
विल्डा


वेदरली, केंटकी
१० ऑक्टोबर

चि. विल्डास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझ्या कानांची चौकशी केल्याबद्दल आभारी आहे. दुकान बंद केलं तरी लोक येतात आणि हाच प्रश्न विचारतात, मला आता त्याचा शीण येतो. प्रत्येकाला टीव्हीत पाहिलेलं हवं असतं. तू निदान एप्रनचं माप घेऊन आलीस.

पिस्तूल तुझ्या कामाचं नाही. रिव्हॉल्व्हरला ओढायची पट्टीच नसते. चाप दाबला की काम झालं, म्हणून आपल्या वयाला तेच बरं. पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं, अडतीस कॅलिबरचं घे. दुकानदार तुला अगदी हलकं, पिसासारखं दाखवेल. खिशाला ते गोड वाटतं, पण उडवलं की हाताला असा हिसका देतं की माणूस पुन्हा त्याला शिवत नाही. त्यापेक्षा पोलादी बरं, खिसा थोडा ओघळला तरी चालेल. मागचा घोडा, गोळीवर आपटतो तो, आत झाकलेला हवा, नाहीतर काढताना कापडात अडकतो आणि तू एप्रनशीच झटापट करत बसशील. आणि त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. रुमाल नाही, बटणं नाहीत, गोळ्याचॉकलेटं नाहीत. तुझे खिसे मला माहीत आहेत.

आता दोन गोष्टी पाठव. कागदावर उजवा हात पसरून पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ मार. मी दुकानात सगळ्यांचे हात असेच उतरवून घ्यायचो, मूठ त्यावरून ठरते. आणि एका प्रश्नाचं उत्तर दे. हाही मी सगळ्यांना विचारायचो. समोर कोण उभं असेल? कुत्रं, परका माणूस, की ओळखीचं कुणी? लोक हसायचे. पण परक्याला आपण लांबूनच थांबवतो आणि ओळखीच्याला जवळ येऊ देतो. सगळी निवड त्यावर अवलंबून असते.

सांभाळून राहा. आशीर्वाद आहेतच.

आर्लिस


सोरेल क्रीक
१५ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हाताचं चित्र सोबत पाठवलंय. शाळेतली मुलं अशा हाताचा टर्की रंगवायची, मी फक्त चोच काढायची ठेवली आहे.

समोर कोण, याचं काय सांगू? रिकाम्या घरांतल्या तांब्याच्या तारा उपटून नेणारे हल्ली फार झालेत. कोणीही असेल. तू मूठ कुठली ते ठरव म्हणजे झालं. इतक्या चौकशा केल्यास तर मी ते गुलाबीच घेऊन येईन.

थंडी लवकर पडलीय. लोभ कमी करू नकोस.

विल्डा


वेदरली
२० ऑक्टोबर

चि. विल्डास,
अ. उ. आ.

तुझा हात टेबलावर ठेवून बराच वेळ पाहत बसलो. करंगळीच्या शेजारचं बोट मधल्या पेरापासून बाहेर वळलंय. हॅरल्डच्या अंत्यविधीला ते बांधलेलं होतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, मोठ्या फ्रीझरचं झाकण पडलं. मी मान डोलावली. दुःखाचा दिवस होता, जास्त कुठे विचारणार?

झाकण पडलं तर चारही बोटं चेपतात, विल्डा. एकच बोट असं बाजूला कधी वळतं, तर मूठ मिटलेली असताना कुणी ते ओढून उघडलं तर. जन्मभर लोकांचे हात पाहिलेत मी, आणि तू तर माझी बहीण आहेस.

तांब्याच्या तारा चोरणाऱ्यांची गोष्ट मला सांगू नकोस. त्यांच्यासाठी तुझ्याकडे हॅरल्डची लांब बंदूक आहे आणि ती तुला चांगली चालवता येते. अंगावर लपवायचं हत्यार ज्याच्यापासून लपवायचं तो घरातच वावरणार असतो. लोनीच ना?

मी रागावलेलो नाही. थकलोय. पण खरं लिही, म्हणजे मी खरं सांगेन.

तुझा,
दादा


सोरेल क्रीक
२६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हो, लोनीच.

त्या दिवशी तो औषधांच्या नशेत होता, शुद्धीत नव्हता, आणि त्याला ट्रक हवा होता. तसा गेला असता तर दरीत तरी पडला असता, नाहीतर कुणाच्या तरी लेकराला उडवून आला असता. मी किल्ली मुठीत धरली. त्याने माझी मूठ उघडली. एवढंच झालं. नंतर रडला, माझ्या पायाशी बसला. मी कुणाला बोलले नाही. महिन्याभरात औषधाच्या दुकानाचं कुलूप फोडताना सापडला आणि आत गेला. तुला खरं सांगते दादा, तो आत होता तेवढे दिवस मला झोप लागली. आईने असं लिहावं का? पण लागली.

त्याने माझा पत्ता दिला तेव्हा नाही म्हणता आलं नाही. माझं पोर आहे ते, त्याने जावं कुठे? पण त्याच्या पावलांचा आवाज आठवला तरी मी उठून दाराची कडी तपासून येते. मला त्याला मारायचं नाहीये. घरात उभं राहता यावं एवढंच हवंय.

सुटकेवर देखरेख करणारे साहेब घर बघून गेले. घरात एकही बंदूक चालणार नाही म्हणाले. सापडली तर लोनी सरळ परत आत. म्हणून हॅरल्डच्या सगळ्या बंदुका शेजारच्या सिल्व्हसकडे पोचवल्या. कपाट रिकामं बघून साहेब खूश झाले. मी सही केली. खोटी नाही केली. घरात बंदूक नाहीच. माझं रिव्हॉल्व्हर माझ्या अंगावर असेल, ते घरात कुठे आलं?

तू हसशील. हस. पण निवडून दे.

तुझीच,
विल्डा


वेदरली
९ नोव्हेंबर

चि. विल्डास,
अ. उ. आ.

परवा तुझ्याकडून निघालो तो तीन ठिकाणी थांबत थांबत घरी आलो. पाठ धरली आहे. तुझ्या बीन्सचा डबा वाटेतच संपवला, हे कबूल करून टाकतो.

रिव्हॉल्व्हर तुझ्या हाताला बरोबर बसलंय. मूठ त्या वाकड्या बोटाच्या जागी थोडी कोरली आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. चाप मी मऊ केला, पण हलका केला नाही. खिशातल्या हत्याराचा चाप जडच हवा. दगडाच्या खाणीत कागदी बशांवर तू बऱ्या गोळ्या मारल्यास. शेवटच्या बशीवर मात्र तू नेम धरून नुसतीच उभी राहिलीस आणि हात खाली घेतलास.

अंगावर आहे म्हणजे घरात नाही, हे तुझं म्हणणं कुठल्याही वकिलाला पटणार नाही. कुणाला दिसलं तर त्याची शिक्षा लोनी भोगेल, हे मी तुला तोंडावर सांगितलंय आणि इथे पुन्हा लिहितो. तरी मी ते तुला दिलं. बरोबर केलं का, विचारशील तर मला माहीत नाही. तो तुझा मुलगा आहे, तशी तू माझी बहीण आहेस. मला निवडायचं होतं, मी निवडलं.

त्याला माझे आशीर्वाद सांग. खरेच आहेत.

आर्लिस


सोरेल क्रीक
२९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लोनी आला तो सोमवारी. बस थांब्यावर आणायला गेले तर ओळखूच येईना, इतका वाळलाय. केस पांढरे व्हायला लागलेत रे त्याचे. घरी आल्यावर कोंबडीच्या रश्श्यातले पिठाचे गोळे केले, त्याने तीनदा मागून खाल्ले. पायरीची फळी बसवली, गटार साफ केलं, भांडी घासली. रागाचा एक शब्द नाही. मला वाटलं, उगाच भ्यालो आपण. तरी खिसा रिकामा करायचं धाडस झालं नाही. उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी टर्की भट्टीत घालून उभी राहिले, तर हा आला आणि त्याने मला मिठी मारली. लहानपणी मारायचा तशी, घट्ट. आणि थांबला.

मी लिहिलं होतं, बाहेरून कुणाला कळता कामा नये. नाही कळलं. तो चार दिवस माझ्याभोवती वावरला, त्याला दिसलं नाही. पण मिठीत कळलं दादा. याचा आपण दोघांनी विचारच केला नव्हता.

त्याने कापडावरून एकदा हात ठेवून पाहिलं. बंदुकांच्या घरातलं पोर, सांगावं लागलं नाही. मामाने निवडलंय का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. भरलेलं आहे का, विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाला, माझ्यासाठी? मला तांब्याच्या तारांचं सांगायचं होतं. मी भट्टीकडे वळून टर्कीच बघत राहिले.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जेवायला बसला, प्रार्थना म्हणाला, टर्कीची चव घेऊन छान झालीय म्हणाला. मग अंगणात जाऊन साहेबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते येऊन त्याला नदीपलीकडच्या शेतावर घेऊन गेले. तिथे व्यसन सोडवायला माणसं ठेवतात. खिशाचं त्याने साहेबांना काही सांगितलं नाही. घरी जमत नाही, एवढंच म्हणाला.

मी माझ्या पोराला घराबाहेर काढलं. ये आणि ते घेऊन जा. मी ते पिठाच्या डब्यात टाकलंय. मला तिकडे बघवतही नाही.

दुःखात आहे, म्हणून इतकंच.

विल्डा


नदीकाठचं शेत
६ डिसेंबर

ती. आर्लिसमामास,
सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा चुकीचं लिहिलं तर माफ कर. इथे डुकरांचं बघतो. पहाटे उठवतात, काम फार, अंग मोडून येतं. बरं आहे.

आईने तुला ते परत घेऊन जायला सांगितलं असेल. तिचा स्वभाव मला माहीत आहे. मामा, नेऊ नकोस. तुझ्या पाया पडतो.

तिला वाटतंय, मी रुसून गेलो. तसं नाही. घरी आलो त्याच संध्याकाळी ती दूध आणायला सिल्व्हसकाकाकडे गेली होती, तेव्हा मी बाबांच्या उरलेल्या औषधांचं कपाट उघडलं. घेतलं काही नाही. पण उघडलं. रोज उघडायचो. ती माझ्यासाठी रांधत असायची आणि मी कपाटाशी उभा असायचो. मिठीत ते हाताला लागलं तेव्हा आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, चला, हिच्याजवळ कुणीतरी आहे.

त्या घरात मी आणि ते रिव्हॉल्व्हर, आम्हा दोघांपैकी एकच राहू शकतो, माझ्या सुटकेच्या कागदावर तसंच आहे. सध्या तेच राहू दे. तू चांगलं निवडलंयस. ते तिने नेहमीसारखं पिठाच्या डब्यात लपवलं असेल, तिथून काढून साफ करून तिच्या खिशात परत ठेव. आणि तिला सांग, मी कधी न कळवता दाराशी आलो आणि फार गोड बोललो, तर आत घेऊ नको.

माझ्यावरचा लोभ सध्या तिच्यावरच ठेव.

तुझा भाचा,
लोनी