पाठवणाऱ्याचा पत्ता

राइट टाउन, जबलपूर
५ नोव्हेंबर २०१६

चि. मीरास,

आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण विचारायला तुझा नंबरही माझ्याकडे नाही. तुझी शकु म्हणाली, "काकू, पत्ता नाही सांगणार, मीराला शब्द दिलाय. पण पत्र द्या, मी पोचवते." मैत्रीण तुझ्याइतकीच हट्टी आहे, म्हणून हे पत्र तिच्या हाती देते.

तू पाठवलेलं सगळं पोचलं. गुडघे शेकायची पिशवी मी रोज वापरते. बाबांचे बूट अगदी मापात बसले. फिरायला जाताना कुणी विचारलं तर "घेतले" म्हणतात. कुणी घेतले ते सांगत नाहीत.

पण आता पार्सल घरी येत नाही, हे तुला माहीत नसेल. सरकारने राज्याबाहेरून येणाऱ्या ऑनलाइन मालावर प्रवेश कर बसवला, तेव्हापासून आपला कुरिअरवाला ते रिछाईच्या गोदामात अडवून ठेवतो. ज्याच्या नावे आलं त्याने जायचं, कर भरायचा, सही करायची, मग सामान हाती. कोपऱ्यावरचे भांडीवाले दिवाकरभाऊ खूश आहेत. "आम्ही इतकी वर्षं कर भरून राहिलो, हे ऑनलाइनवाले काहून सुटावे?" म्हणतात. त्यांचंही खरंच आहे. फक्त तुझा कुकर आल्यापासून माझ्याशी जरा तुटक बोलतात.

बाबांचं तर विचारूच नकोस. उमेदीची वर्षं पनागर रोडच्या चुंगी नाक्यावर गेलेला माणूस. चुंगीची जकात बंद झाली, नगर निगमने पाणीपट्टीच्या खिडकीत बसवलं, तरी मन नाक्यावरच राहिलं. "चुंगी गावची होती, गावच्या नाल्यांना लागत होती. हा पैसा जाईल भोपाळले. इथल्या सडकेले काय मिळणार?" अशी बडबड रोज चालते. आणि पार्सलचा फोन आला की इस्त्रीचा सदरा घालून स्कूटर काढतात. मी म्हटलं, एवढा राग आहे तर राहू द्या ते तिथेच. तर म्हणे, "कायदा आहे. जावं लागते."

एकदा मीही मागे बसून गेले. गोदामातले बाबू लांबूनच म्हणाले, "आइए बाबूजी! बिटिया ने फिर कुछ भेजा?" पत्रिका वाटून झाल्यावर तू लग्न मोडून निघून गेलीस, त्या दिवसापासून या घरात ज्यांनी तुझं नाव घेतलं नाही, ते तुझे बाबा काय म्हणाले माहीत आहे? "हाँ, हमारी मीरा ने." मी पदराने तोंड पुसायचं निमित्त करून बाहेर आले.

बाबांनी तुझी सगळी खोकी तुझ्या खोलीत रचून ठेवली आहेत. रद्दीवाल्याला दारातूनच परत पाठवतात. दिवाळीच्या आधी एकदम म्हणाले, "कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत आपल्यात. तिचे इतके आले, एक तरी भरून गेला काय?" मग मी अनारसे केले, चकल्या केल्या. कुकरच्या खोक्यात भरून त्यांनी वरून सुतळी आवळली. पत्ता खोक्यावरचाच घातला. नाक्यावर माल जिथून निघाला तोच पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा ना! भिवंडी, गाळा नंबर अमुक. दोन दिवस ह्यांना झोप नाही. "पोरगी गाळ्यात काहून राहून राहिली?" मीही शहाणी, म्हटलं तिकडे भाडी फार असतील.

भाऊबीजेनंतर खोकं परत आलं. वर लिहिलेलं, या नावाचं इथे कोणी नाही.

बाबांना वाटलं, तूच परत पाठवलंस. चहा तसाच गार झाला. नुसतं म्हणाले, "तिचंही बरोबर आहे." मी घाबरून शकुला बोलावलं. पत्ता बघून ती आधी पोट धरून हसली, मग बाबांचं तोंड बघून तिने हसू आवरलं. म्हणाली, "काका, हे कंपनीचं गोदाम आहे. मीरा इथे राहत नाही. तिला हे मिळालंच नाही." बाबांच्या जिवात जीव आला. पण थोड्या वेळाने हळूच मला म्हणाले, "म्हणजे आपल्याजवळ पोरीचा पत्ताच नाही?"

मीरा, मला तुझी फार आठवण येते गं. संध्याकाळी दिवा लावताना हटकून येते. त्या लग्नाचं म्हणशील तर तो मुलगा मलाही पसंत नव्हता. मला वस्तू नकोत. तू कुठे राहतेस, खिडकीतून काय दिसतं, शेजारी कोण आहे, एवढं कळलं तरी मी मनाने तिथे येऊन बसेन.

चकल्यांचा पार चुरा झालाय. बाबा रोज चहाबरोबर तोच खातात, मला टाकू देत नाहीत.

आत्ता ते मागे येऊन उभे राहिले. "काय लिहून राहिली?" म्हटलं, तुम्हाला काही सांगायचंय का तिला? किती तरी वेळ चष्माच पुसत होते. मग म्हणाले, "लिही, आता पार्सल नको पाठवू म्हणावं. काय द्यायचं ते हातात घेऊन ये. प्रवाशाच्या हातातलं सामान आम्ही नाक्यावर कधी अडवलं नाही."

पाकीट तेच चिकटवणार आहेत. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांनी आधीच लिहून ठेवलाय, घर नंबरासकट, जशी काही तू विसरलीच असशील. हा मात्र गोदामाचा नाही.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी आई
आणि बाबा
(हे दोन शब्द त्यांनी स्वतः लिहिलेत. अक्षर ओळखशीलच.)