दह्यातला चुना

मिरकरवाडा, रत्नागिरी
मे १९८७

प्रिय ताई,

तुला जाऊन दोन वर्षं झाली, आणि पत्र आज लिहितेय. कारण सकाळी आईने परसात पुन्हा शिंपल्या भाजायला घेतल्या. शेजारच्या सुमनवहिनीसाठी. तिलाही तुझ्यासारखाच छातीचा कॅन्सर, आता हाडांत उतरून कंबर धरलीय. "आमच्या शालूने चुन्यावरच चार महिने काढलेन गो," आई तिला सांगून आली.

कालवांच्या शिंपल्यांचा घरचा चुना, गव्हाच्या दाण्याएवढा, रोज दह्यात. "मी काय भिंत आहे रंगवायला?" म्हणायचीस आणि तरी खायचीस. एकदा तरी थुंकून टाकायचं होतंस!

मग ती तहान! तांब्यावर तांबे. दिवसभर झोप, आणि शेवटी तू मलाच आई म्हणायला लागलीस. आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे.

मुंबईच्या प्रयोगशाळेत लागल्यावर मला कळलं. कॅल्शियम नुसतं हाडांत बसून राहत नाही. पेशीच्या आत ते निरोप्यासारखं फिरतं: हल, थांब, वाढ. कॅन्सरच्या पेशी तेच निरोप स्वतःच्या वाढीला लावतात. हाडात शिरल्या की हाड पोखरलं जातं, कॅल्शियम रक्तात उतरतं. मग तहान, ग्लानी, भ्रम. आणि आम्ही वरून चुना घालत होतो!

तिथल्या सरांना विचारलं. म्हणाले, "कॅल्शियम मूळ हाडांतूनच आलं असणार. चुन्याने फार फरक पडला नसेल." फार नाही, म्हणजे किती गं?

आता वहिनीला थांबवावं, तर आईला कळणार आपण लेकीला काय भरवलं ते. गप्प बसावं, तर वहिनीची वाटी तयार आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सकाळपासून माजघर ते पडवी येरझाऱ्या घालतेय.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. चुना सुरू करण्याआधी आईने मला विचारलं होतं, "तू शिकलेली, सांग गो, हाडांना बरा ना?" मी पुस्तकातून डोकं वर न काढता 'हो' म्हटलं होतं. तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. विसरली असेल? आई काही विसरते होय!

तुला शब्द देते. आजच वहिनीकडे जाईन, चुना नको, आधी रक्त तपासून घ्या म्हणेन. मग आईजवळ बसून सगळ्यात आधी माझा तो 'हो' कबूल करेन. रडली तर रडू दे, मारलंन तर मारू दे. या दुःखात तिला एकटी नाही ठेवणार.

तुझी धाकटी,
नली