चार हल्ले, चारही पाण्याचे

९ जानेवारी, सकाळी
आजपासून समाजकेंद्रातल्या ज्येष्ठांच्या व्हिडिओ गेम क्लबात जाणार. राक्षसांची झुंज लावायची असते. प्रत्येक राक्षसाला फक्त चार हल्ले शिकवता येतात. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, काय हवं ते निवडा. लोक म्हणे यावर महिनोन् महिने डोकं खाजवतात. मी अडतीस वर्षं अकिता शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काढली, शेवटची नऊ सेक्शन चीफ म्हणून. मला डोकं खाजवायची गरजच नाही.
संकल्प: वीस फेब्रुवारीला शेजारच्या गावाशी मॅच आहे. ती जिंकायची.

त्याच दिवशी, दुपारी
राक्षस घेतला, निळा. नाव धबधब्या. हल्ले: फवारा, लोट, उकळतं पाणी, महापूर. त्सुनेको (बायको) माझा डबा घेऊन आली होती. रिकामी बसण्यापेक्षा म्हणून तिलाही एक राक्षस दिला. तिने गोगलगाय घेतली! हल्ले चार जातींचे: वीज, बर्फ, माती, विष. नुसती भेळ. मी समजावायला गेलो तर म्हणते, "अहो, डब्याच्या चारी कप्प्यांत कोणी भातच भरतं का?" हिला जिथे तिथे स्वयंपाकघर दिसतं.

१४ जानेवारी
कुनुगी नावाचा रिटायर्ड न्हावी आहे. त्याच्या गवताच्या राक्षसाकडून हरलो. सात वेळा. गवतावर पाणी चालत नाही, असा काहीतरी नियम आहे. नियम करणाऱ्यांनी पूर पाहिलेला दिसत नाही. कुनुगी म्हणाला, "साहेब, अजून थोडं घाला, मुळं कोरडी आहेत." हलकट माणूस. केस मात्र छान कापायचा.

१५ जानेवारी
प्रॅक्टिस नाही. छपरावरचा बर्फ उतरवायचा होता.
(त्सुनेकोने उतरवला. मी शिडी धरली.)

२३ जानेवारी
क्लब चालवणारी हिनाको, सत्तावीस वर्षांची पोरगी, आज म्हणाली, "सर, तुमची पाण्यावरची निष्ठा बघून थक्क व्हायला होतं." लिहून ठेवतो. बाकी कोणाला ती असं म्हणालेली नाही.

१ फेब्रुवारी
संघात निवड झाली! जागा तीन होत्या. अर्जही तीनच आले, मी, कुनुगी आणि त्सुनेको. पण निवड ती निवड.
जुन्या ऑफिसात फोन केला. माझ्या हाताखालचा हातानाका आता चीफ आहे. रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही, हे इथे कबूल करायला हरकत नाही. या लोकांनी मला एकदा जिंकताना बघितलंच पाहिजे. अख्खा सेक्शन घेऊन येतो म्हणाला.

१२ फेब्रुवारी
हिनाकोने कागद दिला. समोरच्या संघात एक बेडूक आहे. त्याच्यावर पाणी मारलं की तो ते पितो आणि तगडा होतो. "सर, एखादा तरी विजेचा हल्ला घ्याल का?" मी म्हटलं, विचार करतो. ऑफिसात अडतीस वर्षं मी असंच 'नाही' म्हणत आलो. घरी त्सुनेको म्हणाली, "अहो, एक कप्पा तरी बदला! हवं तर मी बटणं दाबते." मी पेपर वाचत बसलो. बेडूक पिऊन पिऊन पिणार किती?

१९ फेब्रुवारी
विजयाचं भाषण लिहिलं. दोन पानं. हातानाकाचा उल्लेख आहे, ओझरता.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
कुनुगी हरला. लिहिताना वाईट वाटत नाही. त्सुनेको जिंकली. एक-एक. शेवटची झुंज माझी. मागे हातानाका आणि अकरा माणसं, ऑफिसचा बॅनर धरून. समोर एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई, आणि बेडूक.
फवारा मारला. बेडूक फुगला. बाईंनी वाकून आभार मानले. लोट सोडला. आभार. उकळतं पाणी तर मेल्याने चहासारखं ढोसलं. महापूर. आभार. असं चौदा वेळा. मग त्याने धबधब्याला एकच धक्का दिला. धबधब्या आडवा.
हातानाका पुढे आला, वाकला आणि म्हणाला, "साहेब, पुरवठा एकदाही खंडित झाला नाही."
मागची अकराही माणसं जमिनीकडे बघत होती. खांदे हलत होते. आधी वाटलं रडतायत.
हसत होती. लाज वाटली. फार लाज वाटली.
वाटेत त्सुनेको उद्याच्या डब्यात काय हवं ते विचारत होती. मॅचबद्दल बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी
क्लबचा राजीनामा लिहिला. जबाबदारी घ्यायला जुनीच माणसं लागतात. शिवाय आमच्याकडे राजीनामा निदान दोनदा परत करायची रीत आहे. पहिल्यांदा "छे छे, भलतंच काय!" दुसऱ्यांदा "तुमच्याशिवाय कसं व्हायचं?" मग आपण नाइलाजाने राहतो. नाइलाजाने राहतानाचं भाषण तयार केलं. एक पान. धबधब्याला एक विजेचा हल्ला शिकवायचं आश्वासनही त्यात घातलं.
हिनाकोला दोन्ही हातांनी पाकीट दिलं. तिनेही दोन्ही हातांनी घेतलं. "सर, आजवर खूप कष्ट घेतलेत," म्हणाली, आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं.
मी तिथेच उभा राहिलो, बराच वेळ. शेवटी तिने वर बघून विचारलं, "अजून काही होतं का, सर?"