चिमटा लावलेली वायर

प्रिय धाकट्या,

जगातल्या तमाम धाकट्या भावंडांनो, तुमची एक तक्रार आहे आणि ती रास्त आहे. घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं, बंद पडलं, की सगळ्यांच्या माना आधी तुमच्याकडे वळतात. पुरावा नंतर, शिक्षा आधी. रेडिओची कळ तुटली, धाकट्याने तोडली असणार. नळ गळायला लागला, धाकट्याने जोरात पिळला असणार. मी आजवर भाडेकरूंच्या बाजूने बोलले, सफाई कामगारांच्या बाजूने बोलले, ज्यांना स्वतःची बाजू नीट मांडता येत नाही अशा कितीतरी लोकांच्या बाजूने घसा कोरडा केला. पण तुम्हा धाकट्यांसाठी कुणी कधी माइक हातात धरला नाही. आज मी धरते आहे. हसू नकोस. हे पत्र मी उभं राहूनच लिहायला घेतलं होतं. मग पाय दुखले म्हणून बसले.

फोन का नाही केला, हे तुलाही ठाऊक आहे. फोनवर तू बाबांच्या गोळ्या विचारतोस, माझा खोकला विचारतोस, गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा विचारतोस. पण मी ‘कॉम्प्युटर’ म्हटलं रे म्हटलं, की तुझ्या त्या गोदामात नेमकं कुणीतरी तुला हाक मारतं. इतकी हाका मारणारी माणसं असलेलं गोदाम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पत्राला मात्र मध्येच ठेवून देता येत नाही. आणि ठेवलंस तरी ते तुझ्या टेबलावर माझ्यासारखंच ठाण मांडून बसेल.

तर बातमी अशी, की गेल्या आठवड्यात बाबांचा डबा बंद पडला. जग त्याला सीपीयू म्हणतं आणि बाबा चिडतात, म्हणून आपण डबाच म्हणू. मला सभेसाठी भाषण छापायचं होतं. बटण दाबलं, पंखा घरघरला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उत्तर आलं, की चालू होण्यासाठी डिस्क सापडत नाही, योग्य डिस्क घाला आणि कोणतंही बटण दाबा. मी सगळी दाबली. मग त्याला दोन शब्द सुनावले. सत्तेला प्रश्न विचारायची मला सवय आहे, पण समोरची सत्ता निदान खोटं तरी बोलते. हा डबा तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. शेवटी मी फुंकरला बोलावलं.

फुंकर आठवतो ना? बाबांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात त्यांच्या हाताखाली शिकलेला, कुठलीही वस्तू आधी फुंकून मग तपासणारा. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, पोटही आलंय, फुंकायची सवय तशीच आहे. तो आला, डब्याच्या तोंडाशी वाकला आणि माझा पेनड्राइव्ह उपसून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, “ताई, डबा आधी ह्याच्यात सिस्टिम शोधत होता. ह्याच्यात तुमचं भाषण आहे. तुमच्या भाषणाने माणसं पेटतात हो, डबा नाही पेटत.” पेनड्राइव्ह काढल्यावर सिस्टिम मुकाट चालू झाली. बाबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसली. डावी अजून हसत नाही, पण आता तिलाही कळायला लागलंय की काहीतरी गमतीचं चाललंय.

बाबा बरे आहेत. शब्द अजून फुटत नाहीत. ‘हं’चे मात्र पाच-सहा प्रकार झालेत आणि ते मला कळतात. व्यायाम शिकवणारी बाई दर दोन-तीन दिवसांनी येते. बोटांत जोर यावा म्हणून ती त्यांच्यासमोर दोरी बांधते आणि कपड्यांचे चिमटे देते. एकेक चिमटा दाबून दोरीला लावायचा, मग काढायचा. बाबा दोरीला एकही लावत नाहीत. डब्याच्या कडेला लावतात, डब्याच्या मागच्या वायरीला लावतात, एकदा तर स्वतःच्या बाहीला लावून आम्हा दोघींकडे बघत बसले. बाई गोड आवाजात म्हणते, “काका, डब्याला नाही, दोरीला.” आणि बाबांचा ‘हं’ निघतो, तो चिडका. चिमट्यांवरून आईचं बोलणं आठवलं. कपडे वाळत घालताना चिमटा कमी पडला, की ती गॅलरीतून दुकानाच्या दिशेने ओरडायची, “आज कुठल्या डब्याच्या पोटात विसरलात माझा चिमटा?” मी तेव्हा कॉलेजच्या वादविवादात जग बदलत होते. घरातले चिमटे कुठे जातात हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आईचा विषय आलाच आहे, तर थोडं थांबते. अंध मुलांच्या शाळेसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचायची ते आठवतं ना? माइकला बाबांचा रुमाल गुंडाळलेला, खिडक्या बंद, आणि दारावर बाबा पहारेकरी. तरी तू आत शिरायचासच. भूगोलाच्या धड्यात ती शांतपणे वाचते आहे, “वाळवंटात पाऊस फारच कमी पडतो,” आणि लगेच त्याच सुरात, “मोजे कपाटात बघ, खालच्या खणात.” बाबांनी ते कधी कापलं नाही. म्हणाले, पाठ तोच आहे, थोडी जास्त माहिती मिळाली तर बिघडलं कुठे? त्या शाळेतल्या कितीतरी मुलांना वाळवंटाबरोबर तुझे मोजेही पाठ होते. आई गेल्यावर शाळा दुसरीकडे हलली, त्या धांदलीत त्यांच्याकडच्या सीड्या गेल्या, आणि आईचा आवाज उरला तो फक्त बाबांच्या डब्यात. रोज संध्याकाळी ते एक धडा लावायचे. विज्ञान, नागरिकशास्त्र, काहीही. मी त्यांना एकदा म्हटलंही, बाबा, ह्या वयात तुम्ही दहावीला बसणार आहात का? ते म्हणाले, “मी पास व्हायला ऐकत नाही.”

आता त्या दिवसाकडे येते. तू पान उलटू नकोस. बाबांना झटका आला, तेव्हा डबा आधीच अर्धवट अवस्थेत होता. ते नवी सिस्टिम टाकायला बसले होते आणि मध्येच कोसळले. पुढे कित्येक दिवस तू हॉस्पिटलच्या बाकावर झोपलास. ते घरी येणार असं कळल्यावर तू बाकावरून उठून थेट घरी आलास. ते दारातून आत येतील तेव्हा आईचा आवाज सुरू असावा, एवढीच तुझी इच्छा होती. डबा चालू होईना. तू बंद डबा चालू करायची बूट सीडी घातलीस, डिस्कचे भाग पडद्यावर आले, अर्धवट सिस्टिमचा म्हणून एक भाग तू पुसलास आणि त्यावर नवी टाकलीस. सगळं व्यवस्थित चालू झालं. फक्त आई कुठेच नव्हती. दुसरा भाग उघडलास, तर तो रिकामा. ज्याने गावभरच्या लोकांच्या डिस्क वाचवल्या, त्याने स्वतःच्या आईवर फॉरमॅट मारला, हे तुझे शब्द आहेत, माझे नाहीत. आणि संध्याकाळी बाबांना खुर्चीत बसवल्यावर तू त्यांच्या पायाशी बसून ते सांगितलंस. त्यांनी चांगला हात उचलला आणि डब्याच्या बाजूच्या पत्र्यावर थापा मारल्या. जोरात, पुन्हा पुन्हा, तोंडातून घोगरा आवाज काढत. तू उठलास. तुझा हिरव्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर भिंतीवरच्या खिळ्याला टांगलास. त्यानंतर तू डबा उघडला नाहीस, आमचा नाही की कुणाचाच नाही. आता तिकडे खोकी मोजतोस.

मी तुला तेव्हाही सांगितलं होतं, की बाबा रागावले आहेत हे तू ठरवलंस. ज्याला एक शब्द बोलता येत नाही, त्याच्या वतीने तू निकाल वाचलास, तोही स्वतःविरुद्ध. मी इतिहास पुष्कळ वाचला आहे. न्यायाच्या नावाखाली झालेले अन्याय मला पाठ आहेत. पण आरोपी, फिर्यादी, न्यायाधीश आणि तुरुंगाचा पहारेकरी हे सगळे एकच माणूस, असा खटला मी फक्त आपल्या घरात पाहिला. तरी खरं सांगते, तेव्हा माझ्याकडे नुसतं प्रेम होतं. पुरावा नव्हता. आणि प्रेमापोटी केलेलं भाषण तू ‘ताई असंच बोलणार’ म्हणून सोडून देतोस.

आता पुरावा ऐक. डबा चालू झाल्यावर फुंकर म्हणाला, “आलोच आहे तर आतली धूळ काढतो, काका ओरडतील नाहीतर.” त्याने बाजूच्या पत्र्याला हात घातला मात्र, बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मी धावले. त्यांचा तो घोगरा आवाज, तोच, तुझ्या त्या संध्याकाळचा. फुंकर म्हणाला, “पत्र्याला स्क्रूच नाहीत, नुसता ढकलून बसवलाय.” पत्रा निघाला. आत धुळीचा गालिचा, आणि त्यात एका वायरीच्या टोकाला कपड्यांचा चिमटा. आईचा, निळा. ती वायर कशालाच लावलेली नव्हती. तिच्या शेजारी जुनी डिस्क आपल्या जागी बसलेली होती, आणि वरच्या खणात तेवढ्याच मापाची दुसरी, कोरी करकरीत.

फुंकर फुंकायचं विसरला. जमिनीवर बसला आणि म्हणाला, “ताई, हा काकांचा चिमटा आहे.” मला काही कळेना. मग त्याने मला ते सांगितलं, जे तू आणि बाबा दुकानात रोज करत होतात आणि जे मी इतकी पुस्तकं वाचूनही वाचलं नव्हतं. नवी सिस्टिम टाकायची, तर ज्या डिस्कवर जपायचं काही असेल तिची वायर आधी काढायची. वायर नसेल तर डब्याला ती डिस्क आहे हेच कळत नाही, मग तो ती पुसणार कशी? आणि काढलेली वायर लावायची राहू नये म्हणून तिला चिमटा. चिमटा म्हणजे काम अर्धं आहे. शटर ओढण्याआधी सगळे चिमटे दोरीवर परत आले का ते बघायचं. तुला हे माझ्याहून जास्त पाठ आहे. पण त्या दिवशी पत्रा बंद दिसत होता, डब्यात कायम एकच डिस्क असायची, आणि तुझे डोळे जागून सुजलेले होते. बाबांनी नवी डिस्क कुणाला न सांगता आणली होती, हे फुंकरने त्या दोन डिस्क बघून ओळखलं. जुनी म्हातारी झाली म्हणून सिस्टिम नवीवर टाकणार होते, मग आईला तिच्यावर हलवणार होते. तू जे पुसलंस, ते त्यांनी झटक्याच्या दुपारी सुरू केलेलं अर्धवट काम होतं. बाकी ती डिस्क रिकामीच होती.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर चिमटा होता, व्यायामाचा. त्यांनी तो उचलला, बाहीला लावला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी शाळेत नापास झाले की बघायचे. म्हणजे ते गेले कित्येक महिने बोलतच होते. काम अर्धं आहे, काम अर्धं आहे. आणि आम्ही दोघी त्यांना सांगत होतो, काका, दोरीला लावा. त्या संध्याकाळच्या थापाही राग नव्हता, धाकट्या. ‘उघड’ म्हणत होते. तुला म्हणत होते, कारण त्या खोलीत ते समजणारा तू एकटाच होतास, आणि तुझी मान खाली होती.

फुंकरने वायर हातात घेतली. चिमटा काढून लावणार, तोच बाबांनी त्याचं मनगट धरलं. त्या बोटांत किती जोर आलाय ते त्या दिवशी कळलं. चिमटा त्यांनी जागेवर ठेवायला लावला. मग खिळ्याकडे बोट दाखवलं. मी तुझा स्क्रूड्रायव्हर काढून दिला, तो त्यांनी की-बोर्डवर आडवा ठेवला आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. फुंकर उठला आणि म्हणाला, “मला निघायला सांगितलंय त्यांनी.” तो जाताना मी जिन्यात त्याला गाठून विचारलं, आई तिथे आहे ना नक्की? तो म्हणाला, डिस्क जुनी आहे, इतके दिवस फिरली नाही, वायर लावल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तुझ्यापासून हे लपवत नाही. उद्या ती डिस्क नाही बोलली, तर ते म्हातारपण असेल. तुझा हात नसेल. तुझा हात तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, बाबांनी तो आधीच अडवून ठेवला होता.

तेव्हापासून डबा उघडाच आहे. त्यावर मी चादर टाकते, बाबा ती काढतात. चालू करायची मला बंदी आहे, भाषण मी हाताने लिहून वाचलं, आणि लोक म्हणाले की नेहमीपेक्षा लहान झालं म्हणून बरं झालं. बाबा रोज संध्याकाळी त्यांच्या वेळेला त्या टेबलापाशी बसतात, दाराकडे तोंड करून. म्हणून हे पत्र. मी कुणाच्याही वतीने बोलायला तयार असते, हे तू जाणतोस, पण ती वायर कुणाच्या वतीने लावता येत नाही. येत्या रविवारी घरी ये. चप्पल काढ, आत ये, आधी माझ्याशी बोलत बसू नकोस. बाबांसमोर जमिनीवर बस, चिमटा काढून त्यांच्या हातात दे, आणि ती वायर तू लाव.

तुझीच,
ताई